बुधवारची टीम : ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजचा फुटबॉल सीझन

२०२४ चा अख्खा फुटबॉल सीझन मी आमच्या कॉलेजच्या टीमबरोबर काढला, व्हिडिओ आणि स्काऊटिंगचं काम करणारी स्टुडंट असिस्टंट म्हणून, आणि तेव्हापासून घरचे, कोल्हापूरच्या मैत्रिणी, इथले देसी सिनियर्स सगळे विचारतात की तू तिथं नक्की करायचीस तरी काय. तर एकदा नीट लिहूनच टाकते. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट आणि पॅडवाला. आमच्याकडे कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा, शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींच्या टीम, आणि मॅच झाल्यावर पेठेपेठेत रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चर्चा, मी त्यातच वाढले, त्यामुळे खेळापायी माणसं किती वेडी होतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला नवीन होतं ते वेगळंच. ज्याला शनिवारी मैदानावर एक मिनिट मिळणार नाही हे त्याला स्वतःला पक्कं माहीत आहे असा मुलगा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आठवडाभर अंग ठेचून घेतो, त्याचे पैसे मिळणं लांबच, वर कॉलेजची फी भरून हे करतो. या मुलांना म्हणतात स्काऊट टीम, सरावात ती पुढच्या मॅचच्या समोरच्या टीमची नक्कल करतात, आणि मला लिहायचंय ते मुख्यतः त्यांच्याबद्दल.

त्याआधी डिव्हिजन ३ काय आहे ते सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. टीव्हीवर जे कॉलेज फुटबॉल दिसतं ते ओहायो स्टेटसारख्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं, त्यांचं कोलंबसमधलं स्टेडियम लाखाच्या वर माणसं घेतं. आमचं कॉलेज एनसीएएच्या (इथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) डिव्हिजन ३ मध्ये येतं, ही रचना १९७३ पासूनची आहे आणि तिचा पाया एकच, इथं खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही. मार्कांवर मिळते, घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, पण ती बाकीच्या मुलांना मिळते तशीच, तू बॉल चांगला फेकतोस म्हणून एक डॉलरसुद्धा नाही. अशी फुटबॉल खेळणारी सुमारे २४० कॉलेजं आहेत. ओहायोत तर हा खेळ मातीतच आहे, एनएफएल, म्हणजे इथली व्यावसायिक फुटबॉल लीग, ज्या लीगमधून झाली ती १९२० साली इथल्याच कँटन गावात स्थापन झाली, आणि आमच्याच राज्यात अलायन्स नावाच्या छोट्या गावात माऊंट युनियन आहे ज्यांच्या नावावर डिव्हिजन ३ ची १३ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. आम्ही त्या पंक्तीतले नाही. आमची टीम मधली, कधी चार जिंकते कधी सहा.

छोटी कॉलेजं फुटबॉल का ठेवतात याचं एक कारण सरळ ॲडमिशनचं आहे, फुटबॉलमुळे शंभरेक मुलं कॉलेजला येतात आणि हजार-बाराशेच्या कॉलेजात शंभर मुलं म्हणजे खूप. काही प्रोफेसर याबद्दल नाराजीनं बोलतात. मला त्यांचं म्हणणं समजतं, पण एक सीझन जवळून बघितल्यावर मी त्यांच्या बाजूची राहिलेली नाही. कारण ती शंभर मुलं आली तरी एका वेळी मैदानावर अकराच उतरतात, बॉल पुढं नेणाऱ्या ऑफेन्सचे अकरा, त्यांना अडवणाऱ्या डिफेन्सचे अकरा, वर किकिंगवाले, म्हणजे तीसेक जणांच्या पुढचं कुणी शनिवारी फारसं दिसतच नाही. मग बाकीचे का राहतात हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही.

माझं काम मला कॅम्पस जॉबच्या यादीत सापडलं. एफ-१ या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पगार मिनिमम वेज, तेव्हा ओहायोत तासाला १०.४५ डॉलर. मी डेटाचा मेजर करते म्हणून घेतलं असावं, कारण इंटरव्ह्यूत कोचनी दोनच गोष्टी विचारल्या, एक्सेल किती येतं, आणि प्रेस बॉक्सच्या छपरावर उभं राहायला भीती वाटते का. भीती वाटत नव्हती. ऑगस्टमध्ये बाकी कॅम्पस रिकामा असताना फुटबॉलची मुलं येतात, पहिले काही दिवस नुसतं हेल्मेट घालून सराव, मग शोल्डर पॅड, मग पूर्ण पॅड, शरीराला उन्हाची सवय व्हावी म्हणून एनसीएएचा तसा नियमच आहे. त्या उन्हाळ्यात ओहायोत पाऊस फारच कमी झाला, आग्नेय भागात तर मोठा दुष्काळ पडला होता, आमचं सरावाचं मैदान पिवळं पडून नुसतं कडक झालेलं, आणि पूर्ण पॅडच्या पहिल्या दिवशी पुढच्या फळीतले दोन लायनमन एकमेकांवर आदळल्याचा जो आवाज आला तो मला छपरावर ऐकू आला. टीव्हीवर तो आवाज कधीच नीट येत नाही.

शूटिंग दोन कॅमेऱ्यांनी होतं. एक छपरावरून, बाजूनं, त्यात बाविसाच्या बावीस जण फ्रेममध्ये पाहिजेत, बॉल कुठं गेला त्याच्या मागं धावायचं नाही, हे शिकायला वेळ जातो कारण डोळा आपोआप बॉलकडं जातो. दुसरा मैदानाच्या टोकाला, एंड झोनच्या मागं, उंच टेलिस्कोपिक खांबावर, खाली उभं राहून छोट्या स्क्रीनवर बघत फिरवायचा, वारा वाढला की खांब लगेच खाली घ्यायचा. या मागच्या कॅमेऱ्यातून लाईनमधल्या फटी दिसतात आणि कोच लोकांचा जास्त जीव त्याच्यावरच. प्रत्येक प्लेनंतर, म्हणजे एकेका चालीनंतर, दोन सेकंद स्कोअरबोर्ड शूट करायचा म्हणजे नंतर कितवा डाऊन, किती यार्ड बाकी ते कळतं. ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, गेलात तर परत चार मिळतात, नाही तर बॉल समोरच्याला, त्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. २०२४ पासून साईडलाईनवर टॅबलेटवर मॅच चालू असतानाच व्हिडिओ बघायला परवानगी मिळाली त्यामुळे छपरावर माझ्यावरचा ताण वाढला, कारण आधी जे रविवारी बघायचे ते आता पाच मिनिटांत बघायचे.

पहिली मॅच ७ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. घरी गणपती सकाळी बसला तेव्हा इथं शुक्रवारची रात्र, मी बॅटऱ्या चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉलवर आरती बघितली, आज्जीनं विचारलं तिकडं मोदक मिळतात का, आई मागून म्हणाली, "अगं आधी जेवलीस काय ते सांग." दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो. पुढच्या दोनही हरलो, त्यातली एक तर पन्नासच्या वर पॉईंट खाऊन.

आता खरं काम. मॅच शनिवारी, पण शनिवारी रात्रीच पुढच्या टीमचं फिल्म येतं, कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आमच्या गटातल्या, कॉलेजांनी एकमेकांना फिल्म द्यायचंच असतं, हडल नावाच्या सॉफ्टवेअरवर ते अपलोड होतं. हडल नेब्रास्काची कंपनी, २००६ मध्ये सुरू झालेली, आज इथं शाळेपासून सगळे तेच वापरतात. तर रविवारी मी बसायचे आणि प्रत्येक प्लेला कॉलम भरायचे, डाऊन, डिस्टन्स, हॅश, यार्ड लाईन, फॉर्मेशन, रन का पास (बॉल घेऊन पळाले का फेकला), कुठल्या बाजूला, किती मिळाले. यात हॅश महत्त्वाचा. प्ले संपला की बॉल मैदानावरच्या दोन हॅशच्या, म्हणजे आखलेल्या खुणांच्या दोन रांगांच्या, मध्येच परत ठेवतात, एनएफएलमध्ये त्या दोघांतलं अंतर साडेअठरा फूट, कॉलेजमध्ये ४० फूट, म्हणजे कॉलेजात बॉल डाव्या हॅशवर असला तर उजवीकडं प्रचंड मोकळी जागा आणि डावीकडं अगदीच कमी. त्यामुळे कुठली टीम कुठल्या हॅशवरून काय करते यावरून निम्मी गोष्ट कळते. मला ते काम फार आवडलं, अजूनही आवडतं. शंभर-सव्वाशे प्ले भरून झाले की अचानक समोरच्या टीमचा स्वभाव दिसायला लागतो, तिसऱ्या डाऊनला घाबरतात का, पुढं असले की सुस्तावतात का.

मग त्यातून स्काऊट कार्ड. समोरची टीम जे प्ले सगळ्यात जास्त खेळते ते एकेका कागदावर मोठ्या मार्करनं काढायचे, ऑफेन्सचे गोल, सेंटरचा चौकोन, डिफेन्सची अक्षरं, कुणी कुणाला ब्लॉक करायचं त्या रेषा, बॉल ज्याच्याकडं जाणार तो लाल. वर कोपऱ्यात डाऊन आणि हॅश. पन्नास-साठ कार्डं, प्रत्येक प्लास्टिकच्या कव्हरात, कारण पावसात शाई पसरते आणि चिखलाचे हात लागतात. मंगळवारी आणि बुधवारी पूर्ण पॅडमधले मोठे सराव, तेव्हा असिस्टंट कोच हडलमध्ये ते कार्ड वर धरतो (इथं हडल म्हणजे मुलं गोल करून उभी राहतात ते), स्काऊट टीमची अकरा मुलं चार-पाच सेकंद बघतात, आणि जाऊन तो प्ले आमच्या मेन डिफेन्सविरुद्ध खेळतात. चार-पाच सेकंद! कालपर्यंत त्यांनी तो प्ले बघितलेला नाही, पुढच्या आठवड्यात तो विसरायचाय, आणि आत्ता तो इतका हुबेहूब करायचाय की डिफेन्सला शनिवारी वाटलं पाहिजे की हे आपण आधी बघितलंय. कोच ओरडतात ते एकच, चांगला लुक द्या. समोरच्या टीमच्या स्टारचा जो नंबर असेल त्या नंबरची रंगीत जाळीदार बनियन यांच्यापैकी एकाला घालतात, म्हणजे या मुलांना स्वतःचा नंबरसुद्धा आठवडाभर मिळत नाही.

तालमीत मोठ्या पैलवानाला तयार करायला रोज दहा पोरं त्याच्याशी धरतात आणि रोज आपटली जातात, मैदानात नाव मात्र एकाचंच घेतलं जातं, मला स्काऊट टीम बघताना तेच आठवायचं. फरक इतकाच की तालमीतल्या पोराला निदान आशा असते की पुढंमागं आपणही मोठे होऊ. इथं सिनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, झालेला मुलगा अजून स्काऊटवर असेल तर ते होणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं.

आमचा स्काऊट क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन ऑफेन्स चालवणारा) असाच सिनियर होता. चौथ्या नंबरचा क्वार्टरबॅक, त्याच्या आधी तीन जण, त्यातला एक फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा. मॅथ शिकवणारा शिक्षक व्हायचं होतं त्याला. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मी त्याला ओळखतही नव्हते, मग एका सोमवारी रात्री व्हिडिओ रूममध्ये आला आणि म्हणाला की या आठवड्यातल्या क्वार्टरबॅकच्या सगळ्या क्लिप मला लावून दे, प्ले नको, प्लेच्या आधीचं पाहिजे. त्याला बघायचं होतं तो मुलगा उभा कसा राहतो, हात कधी हलवतो, स्नॅपच्या (बॉल मागं देऊन प्ले सुरू होतो तो क्षण) आधी किती वेळ घेतो. एंड झोनच्या कॅमेऱ्याला माईक असतो त्यामुळे कधीकधी आवाजही येतो, तो कानाला लावून ऐकायचा की स्नॅपची हाक लांबवतो का तोडतो. बुधवारी त्यानं तशीच हाक दिली आणि आमच्या डिफेन्सचे दोघं फसून आधीच पुढं गेले, ऑफसाईड. डिफेन्सचा कोच जाम भडकला, त्या दोघांवर, आणि मग याच्या पाठीवर थाप मारली. शनिवारी त्या क्वार्टरबॅकनं खरंच तीच लांबवलेली हाक दिली आणि आमचं कुणी हललं नाही. स्टँडमध्ये बसलेल्या कुणालाही तिथं काही घडलं असं वाटलं नसेल. पाच यार्डांची पेनल्टी झाली नाही, एवढंच. ती पहिली मॅच जी आम्ही जिंकलो.

त्यानंतर तो दर आठवड्याला यायला लागला, मग स्काऊटवरचा एक रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा, मग एक टाईट एंड. मी कॉलम भरायचे आणि ते मला अशा गोष्टी दाखवायचे ज्या माझ्या कॉलममध्ये नव्हत्याच. एकदा रनिंग बॅकवाल्यानं पकडलं की समोरच्यांचा रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या थोडा मागं उभा राहिला की रन येतो आणि अगदी बरोबरीनं उभा राहिला की पास, फरक जेमतेम एका पावलाचा. आम्ही मिळून सगळ्या क्लिप परत बघितल्या, जवळजवळ प्रत्येक वेळी खरं निघालं. मी नवीन कॉलम केला, कोचना दाखवलं, त्यांनी ते मीटिंगमध्ये कुणी शोधलं ते नाव घेऊन सांगितलं. त्या मुलाचा चेहरा मी विसरणार नाही.

दर सोमवारी दुपारी ज्युनियर व्हर्सिटीची मॅच असायची, ज्यांना शनिवारी खेळायला मिळत नाही त्यांची, शेजारच्या कॉलेजच्या तशाच मुलांशी. वीस-पंचवीस आईबाप, एक-दोन गर्लफ्रेंड, एखाद्याचा कुत्रा. तिथं फ्रेशमन जास्त, पण क्वार्टरबॅक कमी पडले की आमचा सिनियर उतरायचा. त्याचे वडील दोन तास गाडी चालवून यायचे, कामावरच्याच कपड्यांत, आणि मॅच संपली की मला नेहमी विचारायचे की शूट झालं ना सगळं. मी त्या मॅचेसही तितक्याच काळजीनं शूट केल्या, दोन्ही कॅमेरे लावून, खरं तर एकच लावला तरी चालणार होतं.

आता ऑक्टोबरमधला तो आठवडा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. समोरची टीम ट्रिपल ऑप्शन खेळणारी होती. हा जुना प्रकार आहे, आता फार थोड्या टीम खेळतात, आणि म्हणूनच अवघड, कारण वर्षातून एकदाच समोर येतो. यात क्वार्टरबॅककडं एकाच प्लेमध्ये तीन रस्ते असतात, मधून घुसणाऱ्या फुलबॅकला बॉल द्यायचा, किंवा स्वतः ठेवून पळायचं, किंवा शेवटच्या क्षणी बाहेरच्या रनिंग बॅककडं उडवायचा, आणि कुठला रस्ता ते तो पळता पळता डिफेन्सच्या एकेका माणसाकडं बघून ठरवतो. तुम्ही आत आलात की बॉल बाहेर, बाहेर गेलात की आत. यावर उपाय एकच, डिफेन्सच्या प्रत्येकानं आपला एक माणूस धरायचा, बॉल कुणाकडं आहे ते बघायचंच नाही. सांगायला सोपं. पण बॉलकडं बघू नकोस हे माणसाच्या डोळ्यांना पटत नाही, मला छपरावर कॅमेरा धरून ते आधीच कळलेलं होतं.

आमच्या नशिबानं हा सिनियर शाळेत चार वर्षं ऑप्शनच खेळलेला होता. सोमवारी रात्री माझी कार्डं बघून म्हणाला की ही अशी नाही चालायची, कार्डावर एक लाल माणूस आहे, इथं लाल माणूस ठरलेला नसतो. मग आम्ही दोघांनी बसून कार्डं नव्यानं केली, प्रत्येक कार्डावर तिन्ही रस्ते तुटक रेषांनी. त्यानं स्काऊटच्या बाकी दहा जणांना रात्री जिममध्ये नेऊन पावलं शिकवली, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मंगळवारी डिफेन्सच्या कोचनी बॉलच काढून घेतला. ही जुनी पद्धत आहे, बॉलशिवाय सराव, स्काऊट टीम पूर्ण वेगानं प्ले पळवते, फुलबॅक रिकाम्या हातांनी घुसतो आणि मार खातो, क्वार्टरबॅक रिकाम्या हातांनी पळतो आणि त्यालाही धरतात, बाहेरचा रिकाम्या हातांनी पळतो आणि तोही खाली. एकाच प्लेमध्ये तिघंही आडवे. पुन्हा उठा, पुन्हा कार्ड. एरवी क्वार्टरबॅकला लाल जर्सी असते, त्याला पाडायचं नाही. त्या आठवड्यात यानं लाल जर्सी घालणार नाही असं स्वतःहून सांगितलं, कारण धरायची सवय झाली नाही तर शनिवारी हात चुकतील म्हणाला. कोचनी जोरात पाडायला बंदी घातली पण धरायला परवानगी दिली. बुधवारी संध्याकाळी फिल्म कापताना मी मोजायचं सोडून दिलं की तो किती वेळा जमिनीवर गेला. एका क्लिपमध्ये तो उठतो, ज्यानं पाडलं त्या लाईनबॅकरला (डिफेन्सच्या मधल्या फळीतला) थांबवतो आणि हातानं दाखवतो की तुझा खांदा अजून आत पाहिजे, मी तुला फसवू शकलो असतो. ज्यानं आपल्याला आत्ता पाडलं त्याला आपल्याला आणखी नीट पाडायला शिकवणं, मी असलं काही आधी बघितलं नव्हतं.

शनिवारी घरचीच मॅच होती. पहिल्या क्वार्टरमध्ये ते एकदा सुटले, मोठा रन, टचडाऊन, मग हळूहळू आमच्या पोरांचं जमलं. शेवटी २०-१७ आम्ही पुढं, त्यांचा चौथा डाऊन, दोन यार्ड पाहिजेत. फुलबॅक आत घुसला, सगळं स्टेडियम त्याच्याकडं बघतंय, क्वार्टरबॅकनं बॉल ठेवला, मग बाहेर उडवला, आणि आमचा तो लाईनबॅकर आधीपासून बाहेरच्या माणसाकडंच धावत होता, बॉल आणि तो एकदमच पोचले. खाली. बॉल आमचा. तो उठला आणि कोच, ट्रेनर, टीममेट सगळ्यांना ओलांडून साईडलाईनच्या टोकाला टोपी घालून उभ्या असलेल्या सिनियरकडं गेला आणि आपलं हेल्मेट त्याच्या छातीवर टेकवलं. माझ्या कॅमेऱ्यात ते आलंय कारण मी स्कोअरबोर्डकडं कॅमेरा वळवत होते आणि ते मध्ये आलं. अधिकृत आकडेवारीत त्या प्लेवर त्या लाईनबॅकरचा एक टॅकल आहे, शून्य यार्ड. दुसरं नाव नाही, तसा कॉलमच नसतो.

मला हे खुपतं आणि ते मी इथं स्पष्ट लिहिते. दर सोमवारी कॉन्फरन्सचे प्लेअर ऑफ द वीक जाहीर होतात, कॉलेजात पोस्टर लागतात. स्काऊट प्लेअर ऑफ द वीक आमचे कोचही निवडायचे, पण ते टीम मीटिंगच्या आत राहायचं, बंद खोलीत. डिव्हिजन ३ स्वतःबद्दल सांगतं की इथं खेळ हा शिक्षणाचा भाग आहे. मग ज्याच्यात ते सगळ्यात जास्त दिसतं त्याचं नाव बाहेर यायला हवं. मी हे कोचना बोलून दाखवलं, त्यांना पटलं, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून ते नाव पोस्टरवर यायला लागलं.

बाहेरगावच्या मॅचला प्रवासाची यादी असते, साठेक जणांची, त्यात स्काऊटवरचे बहुतेक नसतात. २ नोव्हेंबरला पाडवा होता आणि आम्ही बसमध्ये होतो, पहाटे निघालेलो. मी बसमध्ये आणि आठवडाभर त्या टीमचं सोंग घेतलेली मुलं मागं हॉस्टेलवर, फोनवर स्ट्रीम बघत, हे मला चमत्कारिक वाटायचं. आमचे एक म्हातारे असिस्टंट कोच बसमध्ये फ्रेशमनना जुन्या गोष्टी सांगायचे, त्यातली त्यांची आवडती म्हणजे १९२१ साली छोट्याशा ओबरलिन कॉलेजनं ओहायो स्टेटला ७-६ हरवलं ती. त्यानंतर आजपर्यंत ओहायोतल्या दुसऱ्या कुठल्याच कॉलेजला ओहायो स्टेटला हरवता आलेलं नाही. मुलं दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि त्याच रात्री इथली घड्याळं एक तास मागं गेली. घराशी अंतर साडेनऊ तासांचं साडेदहा झालं, आणि सराव साडेचारला सुरू होऊन तासाभरात अंधार. सरावाच्या मैदानाला दिवे नाहीत म्हणून सगळं स्टेडियममध्ये हलवलं. केमिस्ट्री लॅब असलेली मुलं साडेपाचला धावत यायची, इथं लॅब आधी, त्यावर कोच कधी काही बोलले नाहीत. तोपर्यंत दुखापतींनी टीम बरीच पातळ झालेली. आमचा सेंटर डोक्याला मार बसल्यामुळे कन्कशन प्रोटोकॉलमध्ये, त्यात टप्प्याटप्प्यानंच परत यायचं असतं, आधी सायकल, मग पळणं, मग संपर्काशिवाय सराव, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पॅड नाहीत, आणि आमच्या ट्रेनर मॅडम यात कुणाचं ऐकायच्या नाहीत, हेड कोचचंही नाही. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. सेंटरच्या जागी स्काऊटवरचा एक सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, गेला आणि शेवटच्या दोन मॅच त्यानं खेळल्या, पूर्ण.

१६ नोव्हेंबरला शेवटची मॅच, घरची, सिनियर डे. सिनियर एकेक करून आईवडिलांबरोबर मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात, नाव पुकारतात. मला मनातून वाटत होतं की आज त्याला दोन प्ले तरी मिळतील. मिळाले नाहीत. मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत अडकलेली होती, आणि कोचनी योग्य तेच केलं, मला ते तेव्हाही पटलं होतं. आम्ही हरलो. दहापैकी चार जिंकल्या. चार वर्षं, आणि व्हर्सिटीचा, म्हणजे शनिवारच्या मुख्य टीमचा, एक स्नॅप नाही. प्लेऑफ त्या वर्षीपासून ४० टीमचा झाला होता पण आमचा काही संबंध नव्हता, जानेवारीत ह्यूस्टनला नॉर्थ सेंट्रल कॉलेजनं माऊंट युनियनला ४१-२५ हरवून कप नेला तो आम्ही आपापल्या घरून बघितला.

थँक्सगिव्हिंगच्या आधी सामान परत करायचं असतं, हेल्मेट, पॅड, सगळ्यावर नंबर टाकून रॅकवर. ते करून तो व्हिडिओ रूममध्ये आला आणि म्हणाला मला माझी टेप कापून देशील का. खेळाडू आपली हायलाईट टेप करून घेतात, पण ती मॅचची असते. त्याला सरावाची पाहिजे होती. कोचिंगच्या नोकरीसाठी अर्ज करायचा होता, त्याच्याच भागातल्या एका हायस्कूलमध्ये, मॅथ टीचर आणि सोबत ज्युनियर टीमचा कोच. आम्ही मंगळवार-बुधवारचं सगळं फिल्म काढलं आणि त्यातून निवडलं, ती फसवी हाक, ऑप्शनचा आठवडा, लाईनबॅकरला खांदा दाखवतानाची क्लिप. तो म्हणाला प्रत्येक क्लिपच्या शेजारी शनिवारची तीच प्ले लाव. म्हणजे डावीकडं बुधवार, उजवीकडं शनिवार. ती टेप मी केलेल्या कामातलं सगळ्यात चांगलं काम आहे असं मला वाटतं. त्या शाळेच्या हेड कोचनी इंटरव्ह्यूत ती थांबवून थांबवून बघितली आणि प्रत्येक क्लिपवर विचारलं की इथं तुला काय दिसलं.

नोकरी मिळाली. २०२५ च्या ऑगस्टपासून तो शिकवतोय. मध्ये फोन आला होता की आपली कार्डं कुठल्या टेम्प्लेटमध्ये करायचो ते पाठव, त्याच्याकडे स्काऊट टीमला नववीची पोरं आहेत, त्यांना चार-पाच सेकंदात कार्ड वाचता येत नाही. मी गोल मोठे केले, अक्षरं कमी केली, आणि तुटक रेषांची आवृत्ती वेगळी करून पाठवली.